शंभरपैकी शंभर

४ मार्च

पोचले बाई एकदाची! सात तास ट्रकमधून, ब्लँकेटांच्या गठ्ठ्यांवर बसून. हाडं खिळखिळी झाली, पण मजा आली. ट्रकवाला भलताच बोलघेवडा निघाला. पहिल्या तासात त्याच्या तिन्ही मुलींची लग्नं लावून झाली आणि दुसऱ्या तासात मला विचारून झालं की या वयात हे खूळ डोक्यात कुठून शिरलं. मी म्हटलं, छप्पन्न हे काय वय आहे? नोंदणी कचेरीत तीस वर्षं टाइप केलं, आता घरात बसून भिंतींशी भांडते. त्यापेक्षा इथे येऊन भांडेन. लेकही हेच म्हणाली, आई, तू जाच, शेजाऱ्यांनाही जरा सुट्टी मिळेल.

भूकंपाला आज सहा दिवस झाले. शहराचा खालचा अर्धा भाग जमीनदोस्त आहे. आमचं केंद्र वरच्या भागात, फर्निचरच्या एका दुकानाच्या दुसऱ्या मजल्यावर. अख्ख्या रस्त्यात वीज आणि इंटरनेट इथेच टिकलंय, म्हणून मालकाने मजला देऊन टाकला. थाट काय विचारता! विक्रीच्या सोफ्यांवर बसून काम, विक्रीच्या डबलबेडवर झोप. फक्त गाद्यांचं प्लॅस्टिक काढायचं नाही अशी मालकाची अट. कूस बदलली की चर्रचर्र आवाज होतो.

इथे आम्ही तिघंच. केंद्रप्रमुख म्हणजे मास्तर, गणिताचे निवृत्त शिक्षक. बोलताना अजून हवेत खडू धरतात. दुसरी कुरळी, बावीस-तेवीसची, फोन सांभाळते आणि माझ्याहून जास्त बोलते. तिसरी मी. बाकीचे चारशे स्वयंसेवक दूरदूरच्या गावांत, आपापल्या घरी, आपापल्या कॉम्प्युटरसमोर बसलेले. त्यांची आमची भेट नाही, पण आम्ही इथे एक ओळ टाकली की ती चारशे जणांना दिसते.

काम साधं आहे. एक यादी 'शोधतोय'वाल्यांची, एक 'सापडले'वाल्यांची. दोन्हीकडचे फॉर्म जुळवायचे. नावावर भरवसा नाही, एका नावाची पन्नास माणसं. चेहरे सुजलेले. म्हणून मास्तरांनी गुण ठरवलेत. वयाला दहा, ठिकाणाला वीस आणि अंगावरच्या ओळखीच्या खुणांना सत्तर. तीळ, टाके, भाजल्याचे डाग, मोडून जुळलेली हाडं. नव्वदच्या वर गुण गेले की नातेवाइकाला पत्ता आपोआप जातो. लहान मुलांचा तेवढा आमच्या केंद्राच्या मंजुरीशिवाय जात नाही. आणि एक नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, नोंद पुसायची नाही. पहिल्याच दिवशी कुणीतरी दोनदा आलीय म्हणून एक नोंद पुसली, ती निघाली वेगळ्याच म्हाताऱ्याची. बिचारा दोन दिवस तंबूत बेवारस पडून होता. तेव्हापासून पुसलेली नोंद ज्याला दिसेल तो ती परत टाकतो.

मास्तरांनी माझा टायपिंगचा वेग पाहिला आणि चहा स्वतः आणून दिला. मी फुशारले, खोटं कशाला बोलू!

५ मार्च

माझी पहिली जोडी जुळली! एक आजोबा, उजव्या पायाला सहा बोटं. त्यांची बहीण दीडशे मैलांवरून शोधत होती. कुरळीने फोन लावून दोघांना बोलतं केलं. आम्हाला वाटलं आता रडारड होईल, तर बहिणीने पहिलं वाक्य टाकलं की मेल्या, माझी शिडी परत केली नाहीस. आजोबा म्हणाले शिडी गाडली गेली. मग दोघंही जे रडले, जे रडले! मीही पदराला डोळे पुसले आणि वर कुरळीला रागावले की कामात लक्ष दे.

दिवसभरात एकोणीस जोड्या. रस्त्याकडच्या खिडकीतून समोरची पडलेली शिवणाची दुकानं दिसतात. ढिगाऱ्यात एक शिलाई मशीन सरळ उभं आहे. बघवत नाही, म्हणून मी सोफा उलटा फिरवून घेतला.

७ मार्च

आज केंद्रात टाळ्या वाजल्या, माझ्यासाठी! शंभरपैकी शंभर. मास्तर म्हणाले, इतक्या दिवसांत एकाही जोडीला मिळाले नव्हते.

नदीकाठच्या तंबूच्या दवाखान्यात एक बाई आहे, पस्तिशीची. तिथल्या नर्सने फॉर्म भरला होता. शुद्धीत आहे, पण नाव सांगत नाही, विचारलं की मान फिरवते. धक्का बसलाय, अशी नर्सची टीप. खुणा मात्र नर्सने नीट लिहिल्या होत्या. डाव्या हाताची करंगळी वाकडी जुळलेली, उजव्या कानाची पाळी फाटून शिवलेली, गळ्याजवळचं हाड पूर्वी मोडलेलं, पाठीवर जुने तीन डाग.

आणि 'शोधतोय'मध्ये तिच्या नवऱ्याचा फॉर्म! टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. करंगळी कुठल्या पेरात वाकडी आहे तेही त्याने लिहिलेलं. कानाला टाके किती. पाठीवरचे डाग कुठे, तर डाव्या खांद्याखाली चार बोटांवर पहिला, तिथून दोन बोटांवर दुसरा. वाचताना मला भरूनच आलं. आमचे हे, देव त्यांना सुखी ठेवो, तीस वर्षांच्या संसारात माझ्या हनुवटीवर तीळ आहे हे त्यांनी फोटोत बघून विचारलं होतं. आणि हा माणूस बायकोला असा पाठ!

पत्ता आपोआप गेलाच होता, तरी मी हौसेने स्वतः फोन केला. आवाज काय मऊ! ताई, तुमचे उपकार कसे फेडू म्हणाला. मग विचारलं, सात वर्षांची मुलगीही हरवलीय, ती बायकोजवळ आहे का? मी फॉर्म बघून नाही म्हटलं. आणि मीच छातीठोकपणे सांगितलं, काळजी करू नका, तिलाही मी शोधून देते.

८ मार्च

त्याने तिला मारून टाकलं.

लिहिते, नीट लिहिते. दवाखान्यातून नर्सने फोन केला. तिचा उजवा हात मोडलाय, डाव्या हाताने फोन धरून बोलत होती. तो सकाळी अकराला आला. केस विंचरलेले, हातात फळांची पिशवी. कॉटपाशी स्टूल घेऊन बसला. बाईने त्याला पाहिलं आणि पाहताक्षणी तिला लघवी झाली. नर्सला वाटलं, आनंदाने. नर्स चादर आणायला वळली. त्याने सलाईनचा लोखंडी स्टँड उचलला आणि बाईच्या डोक्यात घातला. मग तोंडावर, मग छातीवर. नर्स मधे पडली, तिचा हात मोडला. तो थांबला नाही. प्रत्येक घावाला एकच विचारत होता, मुलगी कुठाय. बाईचा जबडा तुटला होता, ती सांगणार तरी कशी? आणि सांगता आलं असतं तरी तिने सांगितलं नसतं. नंतर त्याने त्याच चादरीला हात पुसले आणि चालत निघून गेला. कुणी अडवलं नाही. अडवणारे सगळे कॉटवर पडलेले होते.

नर्स म्हणाली, धक्का-बिक्का नव्हता हो तिला, शेजारच्या कॉटवरच्या बाईजवळ तिने सगळं सांगितलं होतं, ते आता कळलं. ती लपत होती. भूकंपाने तिच्या घराची भिंत पाडली तेव्हा ती त्याच भगदाडातून मुलीला घेऊन पळाली होती. मुलीला शेजारणीबरोबर पुढे पाठवून दिलं, आणि मग तिच्यावर जिना कोसळला.

मी त्याचा फॉर्म परत काढून वाचला. चार बोटांवर पहिला, दोन बोटांवर दुसरा. अगं मूर्ख बाई! करंगळी कुठल्या पेरात मोडली हे त्याला ठाऊक होतं, कारण मोडली त्यानेच. मी त्याला शंभरपैकी शंभर गुण दिले आणि वर फोन करून अभिनंदन केलं.

मास्तर म्हणाले, गुणांचं गणित चुकलं नव्हतं. मी चहाचा कप भिंतीवर फेकला.

९ मार्च

दोन पोलीस आले. त्यांचं ठाणंच पडलंय, झाडाखाली बसून काम करतात. जबानी वहीत लिहून घेतली आणि फोटो द्या म्हणाले. त्याचा फोटो आमच्याकडे नाही. फॉर्ममध्ये फोटो हरवलेल्याचा असतो, शोधणाऱ्याचा नसतो.

मुलीसाठी त्याने वेगळा फॉर्म भरलाय. वय सात. हनुवटीवर चार टाके. डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला भाजल्याच्या दोन आडव्या रेघा, एकाखाली एक, ताज्या. तापवलेल्या स्क्रू-ड्रायव्हरच्या. हे शेवटचं त्याने लिहिलेलं नाही, मला कळतं.

आणि दुपारी तीनला ती जुळली. आम्ही नाही जुळवली, दूरच्या कुठल्यातरी गावातल्या भल्या माणसाने जुळवली. शाळेच्या मैदानावरच्या तंबूत, इथून दोन तासांवर, शेजारणीपासून ताटातूट होऊन एकटीच. शहाण्णव गुण. खाली त्याने लिहिलंय, आज मला शांत झोप लागेल. मास्तरांनी मंजुरी अडवून धरली आणि मला म्हणाले, ट्रक घ्या, निघा. निघण्याआधी कपाबद्दल मी माफी मागितली.

१० मार्च

मुलगी इथे आहे. मी तिला चिमणी म्हणते, कारण नाव विचारलं की ती ओठ मिटते. आईने बजावलं होतं म्हणे, नाव कुणालाही सांगायचं नाही. शहाणी पोर! पिवळा फ्रॉक, एक चप्पल. आल्या आल्या डबलबेडखाली शिरली आणि तिथूनच विचारलं, बाबांनी पाठवलंय का तुम्हाला? मी नाही म्हटल्यावर तासाभराने बाहेर आली. मग कुरळीच्या केसांत पेन्सिली खोचत बसली. मला आजी म्हणाली. मी म्हटलं, छप्पन्नची बाई आजी नसते. तिने माझ्या पांढऱ्या केसांकडे असं पाहिलं की कुरळी खो खो हसली. आई कधी येणार, हे तिने चारदा विचारलं. चारही वेळा मी काहीतरी बरळले.

मास्तरांनी स्वतःचा नियम मोडून तिची नोंद पुसली. पन्नास मिनिटांत ती परत आली. पुन्हा पुसली, वीस मिनिटांत आली. तिसऱ्यांदा एकाच वेळी तीन ठिकाणांहून आली, आणि खाली मास्तरांनाच दम, नोंदी पुसणारा कोण आहे शोधा!

आम्ही सगळ्यांना लिहिलं की हा बाप खुनी आहे. उत्तरं आली, पुरावा दाखवा, पोलिसांचा कागद दाखवा. तोवर त्याने स्वतः लिहिलं होतं. तिघांचा जुना फोटो, मुलगी खांद्यावर. माझी बायको ढिगाऱ्याखाली गेली, माझी मुलगी हे लोक दडवून बसलेत, एका बापाला मदत करा. वाचून मलाच रडू फुटलं असतं. हजारो लोकांनी ते पुढे पाठवलं. त्याला काही हुडकावंच लागत नाही, सगळं जगच त्याच्यासाठी हुडकतंय.

११ मार्च

त्याचा फोन आला. कुरळीने उचलला आणि मला खुणेने बोलावलं. मी हिसकावून घेतला. तोच मऊ आवाज. ताई, तुम्ही शब्द दिला होता म्हणाला. मी तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या, आयुष्यात दिल्या नव्हत्या अशा. माझं झाल्यावर म्हणाला, ताई, तुमच्या केंद्राच्या वेबसाइटवर, आभाराच्या पानावर मास्तरांचा फोटो छान आलाय.

मास्तरांना सांगितलं, एकटे बाहेर पडू नका. ते म्हणाले, गर्दीत काय होणार आहे? जनरेटरचं डिझेल संपत आलंय. उद्या रांगेत उभं राहावं लागेल.

चिमणीच्या मनगटाची पट्टी बदलली. रेघांवर खपली धरलीय. फुंकर घातली तर म्हणाली, आई पण अशीच घालते.

१२ मार्च

मास्तर गेले.

डिझेलच्या रांगेत, भर दुपारी. ट्रकवाला सोबत होता, त्याच्या शर्टावर सगळं सांडलंय. तो माणूस समोरून आला, मास्तरांकडे बोट करून ओरडला, हाच तो, माझी पोरगी पळवणारा! लोकांनी फोनमध्ये पाहिलं, मास्तरांचा फोटोही त्याने पसरवला होता. फोटो जुळला. मग त्यांनीच मास्तरांना धरलं, लोकांनी! दोघांनी हात, एकाने केस. ट्रकवाल्याला खाली पाडून तुडवलं. मास्तर सांगत होते, ऐकून घ्या, एक मिनिट ऐकून घ्या. त्याने स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि मानेत घातला. काढला, पुन्हा घातला. कितीदा ते ट्रकवाल्याला सांगता येईना. हात धरणाऱ्यांनी रक्ताची चिळकांडी उडाल्यावर सोडलं. एक जण म्हणे तिथेच ओकला. तोवर तो गर्दीत मिसळला होता.

रात्र होण्याआधी दूरच्या स्वयंसेवकांनी मिळून आमच्या केंद्राचा मंजुरीचा हक्क काढून घेतला. मूल दडवणारे, असा शेरा. आता मुलांचे पत्तेही आपोआप जातील.

कुरळी रडत नाही. खडू शोधतेय. इथे खडू नाहीच.

१३ मार्च

सकाळी ९. चिमणी निघाली. ट्रकवाला आणि कुरळी सोबत. घाटापलीकडच्या शहरात ठाणं उभं आहे, बालगृह आहे, तिथल्या बाई अधिकाऱ्याशी बोलणं झालंय. चार तासांचा रस्ता. फ्रॉक काढून कुरळीचा लांब बाह्यांचा सदरा घातला पोरीला. जाताना गळ्यात पडली. हात सोडेना. मीच सोडवले.

मी मागे राहिले. मुद्दाम. यादीत नोंद टाकली, मुलगी इथेच आहे, फर्निचरच्या दुकानात. येऊ दे मेल्याला इकडे. इथल्या पोलिसांना कळवलंय. पूल खचलाय, दोन तास लागतील म्हणतात.

११.२० – सत्यानाश. वाटेत पाण्याच्या टँकरपाशी कुणा बाईने ट्रकमधल्या पोरीचा फोटो काढून टाकला. हनुवटीचे टाके दिसतात. सात मिनिटांत जुळला. पत्ता त्याला गेला. सोबत चारशे जणांचे नमस्काराचे हात.

कुरळीचा फोन लागत नाही. घाटात नाहीच लागत.

११.४० – त्याचा निरोप. मलाच. ताई, दोन ठिकाणी दिसतेय. खरी कुठली? म्हणतो, घाटाच्या तोंडाशी आहे. ट्रकपासून अर्ध्या तासावर. माझ्यापासून तासावर.

मी लिहिलं – मास्तर गेले. मला जगायचंय. टँकरवरची दुसरी आहे. तुमची इथे आहे, घेऊन जा, मला सोडा.

तो – मनगटाचा फोटो पाठवा. टँकरवाल्या फोटोत बाही होती.

फोटो नाही. कधी काढलाच नाही. दुसऱ्या कुणाचा चालणार नाही, त्याच्याइतकं ते मनगट कुणाला माहीत–

११.५५ – दुकानाच्या हत्यारांच्या पेटीत चपटा स्क्रू-ड्रायव्हर होता. चहाच्या शेगडीवर तापवला. मनगटाची आतली बाजू, तिथे कातडी अजून मऊ आहे. एक रेघ. तोंडात पदर कोंबला होता. दुसरीच्या वेळी हात मागे गेला, गुडघ्याखाली दाबून धरला आणि– झालं. वास येतोय. वर पिवळं मलम फासलं, खपली नाही ते दिसू नये म्हणून. जखम चिघळलीय असं लिहिलं. फ्रॉकची बाही कडेला धरली. अगदी जवळून फोटो.

पाठवला.

१२.०४ – उत्तर नाही.

१२.०९ – नाही. देवा, बघ रे–

१२.११ – "हीच. येतो ताई."

वळला! वळला तो! अक्षर बघ कसं वेडंवाकडं. तीस वर्षांत असं कधी–

१२.५० – पोलिसांचा फोन. अजून तास. म्हणे दुकानातून बाहेर पडा. बाहेर पडले तर तो परत घाटाकडे जाईल. खिडकीत बसलेय, त्याला मी दिसायला हवी. फ्रॉक मांडीवर. लेकीला फोन केला, काही सांगितलं नाही. जेवलीस का विचारलं.

भीती वाटतेय. खूप.

१.०५ – गाडी थांबली. तोच असणार. केस विंचरलेले. वर बघून हात केला–

मी पण केला.

कपाट दाराला लावलंय. दुसरंही. तो जिन्यात. ताई म्हणून हाका मारतोय. चिमणीलाही, तिच्या खऱ्या नावाने. नाव गोड आहे. इथे लिहिणार नाही.

दार हादरतंय. वरचं कपाट सरकलं–

फोन. कुरळी. ठाण्यात पोचले, बाईंनी पोरीला आत घेतलं, पोरगी विचारतेय आजी कधी–

पोचली! ऐकतोस का रे, पोचली ती! आता फोड दार, फोड, मी काही उठत ना–